चार्टर हायस्कूल: नियम मुलं पाळतील, पण त्यांचं ऐकायचं कोणी?

पाणवठा

नमस्कार मंडळी. माझी लेक न्यू जर्सीत हडसन काउंटीतल्या एका चार्टर हायस्कूलमध्ये दहावीला आहे. शाळेचं नाव लिहिणार नाही, आणि कृपया कुणी अंदाजही बांधू नका. प्रवेशाच्या लॉटरीत तिचा नंबर लागला तेव्हा घरात सण साजरा झाला होता. खासगी शाळेची फी झेपणारी नव्हती, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळेबद्दल बरं ऐकलं नव्हतं. अभ्यासाबद्दल आजही माझी तक्रार नाही. गणित आणि लेखन इथे मनापासून शिकवतात.

तक्रार नियमांची आहे, आणि त्याहून जास्त ते राबवण्याच्या पद्धतीची. शर्ट खोचलेला, पट्टा काळा, बूट अख्खे काळे, सोलला पांढरी कडसुद्धा नको. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना तोंडातून शब्द काढायचा नाही. बाथरूमचे पास तिमाहीला मोजून मिळतात, ते संपले की प्रत्येक वेळी डिमेरिट, म्हणजे शिस्तीचा वजा गुण. डिमेरिट साठले की शाळा सुटल्यावर डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबायचं, ती बुडाली की शनिवारी यायचं.

गेल्या काही महिन्यांत काय काय झालं ते सांगते. बस वेळेवर आली नाही म्हणून उशिराचा शेरा; बस कंपनीच्या अ‍ॅपवर उशीर दिसत असूनही तो बघायला कुणी तयार नाही. मावसबहिणीच्या लग्नाहून आली तेव्हा हातावर मेंदी होती, त्यावर 'अंगावर चित्र काढलं' म्हणून डिमेरिट. पाळीच्या दिवसांत पास संपले, तर सगळ्या वर्गासमोर 'आधी नियोजन करायला हवं होतं' असं ऐकवलं. आणि परवा रसायनशास्त्राच्या तासाला तिने एवढंच विचारलं, 'हा नियम कशासाठी आहे?' त्यावर 'अनादर' या सदरात दोन डिमेरिट.

हे शेवटचं मला सहन होत नाहीये. प्रश्न विचारायला आम्हीच तिला शिकवलंय. आता ती म्हणते, 'आई, शाळेत काही विचारायचंच नाही, सोपं पडतं.' अशा शाळांचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. शाळा बदलणं हा एकच मार्ग आहे का?

हुस्टनकर

ताई, तुमचा त्रास समजतो, पण दुसरी बाजू मांडतो. आमची दोन्ही मुलं ह्यूस्टनमध्ये चार्टरमध्ये शिकली. आमच्या घराजवळच्या हायस्कूलमध्ये वर्गात शिक्षकाचा आवाज ऐकू येत नसे. चार्टरमध्ये पहिल्याच दिवशी फरक दिसला: मुलं जागेवर, वही उघडी, तास घंटेबरोबर सुरू. तो वेळ गरीब घरच्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे, कारण त्यांच्या घरी शिकवणीला पैसे नसतात.

हे माझं मत नाही फक्त. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने २०२३ मध्ये देशभरच्या चार्टर शाळांचा अभ्यास मांडला. त्यात चार्टरमधली मुलं डिस्ट्रिक्टच्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला सरासरी वाचनात १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे असल्याचं दिसलं. बॉस्टनच्या चार्टर शाळांवर लॉटरीच्या आधारे, म्हणजे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून झालेल्या अभ्यासांत गणितातली वाढ याहून कितीतरी मोठी होती, आणि त्यातल्या बऱ्याच शाळा अशाच कडक. शिस्त सैल केली की हे टिकेल का, हा प्रश्न मला खरंच पडतो.

मेंदीचा प्रकार मात्र चूक आहे. त्याबद्दल भांडा.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातून निवृत्त मुख्याध्यापक. आधी एक शंका: चार्टर म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखं का? पैसा सरकारचा, चालवणार संस्था?

मिनेसोटी

सर, साधारण तसंच, फरक एवढा की इथे शाळेला एक करारपत्र मिळतं. त्यालाच चार्टर म्हणतात. 'आम्ही अमुक निकाल देऊ' असं शाळा लिहून देते, बदल्यात डिस्ट्रिक्टच्या बऱ्याच नियमांतून सूट मिळते. फी घेता येत नाही, प्रवेशपरीक्षा नाही, अर्ज जास्त आले तर लॉटरी. मुदत संपली की करार पुन्हा तपासतात, आणि निकाल नसेल तर शाळा बंदही होते.

पहिला कायदा आमच्याच राज्यात झाला, १९९१ मध्ये. पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये 'सिटी अकॅडमी' सुरू झाली, ती देशातली पहिली चार्टर शाळा. शाळा सोडून दिलेल्या मुलांना परत आणण्यासाठी ती होती. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, अ‍ॅल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना देशभर नेली. ते शिक्षकांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांना हवं होतं ते असं की शिक्षकांच्या छोट्या गटाने नवं काही करून बघावं, त्यांच्यावर वरून हुकूम नसावेत. आज शिक्षकाच्या हातात छापील संवाद देणाऱ्या चार्टर साखळ्या (एकाच संस्थेच्या अनेक शाळा) बघितल्या की मला शँकर आठवतात आणि वाईट वाटतं.

वाळवंटी

मी अ‍ॅरिझोनातल्या एका चार्टरमधून पास झालो, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकलो, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पाणवठा मावशी, तुमच्या मुलीला सांगा की ती एकटी नाही. आमच्याकडे युनिफॉर्म नव्हता, पण मार्कांचा दाब प्रचंड होता. वर्षाच्या शेवटी सगळ्या विषयांची मोठी परीक्षा, नापास झालं तर तोच वर्ग पुन्हा. पाचवीत आम्ही खूप जण होतो, बारावीपर्यंत वर्ग अगदी छोटा झाला. गेलेल्यांच्या जागी कुणी नवीन येत नसे. जे गेले त्यांच्याबद्दल शिक्षक म्हणायचे, 'त्यांना झेपलं नाही.' त्यातला एक माझा सगळ्यात जवळचा मित्र होता, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता.

मोठ्यांना वाटतं मुलांना कष्ट नको असतात. आम्हाला कष्टांचा राग नव्हता. राग यायचा तो लहरीचा. तीच गोष्ट एका सरांच्या तासाला चालायची आणि दुसऱ्या बाईंच्या तासाला शिक्षा व्हायची. एक शिक्षक पेपर परत देताना मार्क मोठ्याने वाचायचे, कमी मार्कांपासून सुरुवात करून. आणि शिक्षक टिकत नव्हते. अकरावीला फिजिक्सचे सर हिवाळ्याच्या सुट्टीनंतर आलेच नाहीत. त्यानंतर जे सबस्टिट्यूट आले ते आम्हाला व्हिडिओ लावून द्यायचे. एपीची (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयाची) परीक्षा मे महिन्यात असते, ती कुणासाठी थांबत नाही. आम्ही ग्रुप करून एकमेकांना शिकवलं. उशीर झाला की आम्हाला शिक्षा, मग शिक्षक अर्ध्या वर्षात निघून गेले तर त्याचा जाब कुणी कुणाला द्यायचा? हे आम्ही एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं की हा स्टाफचा विषय आहे.

इतिहासाच्या बाई फार कडक होत्या. उशिरा दिलेला निबंध त्या घ्यायच्याच नाहीत. पण त्यांच्याशी वाद घालता यायचा. एकदा मी मार्कांबद्दल वाद घातला, त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, मार्क वाढवले नाहीत, पण का नाही ते समोर बसून समजावलं. त्या तासाला कुणीच दंगा करत नसे.

डोंगरवाट

वाळवंटी, तुझं मराठी छान आहे रे. शेवटचा परिच्छेद सगळ्या प्रिन्सिपलांना वाचून दाखवला पाहिजे.

फळाखडू

मी शिकागोत शिक्षिका आहे, बरीच वर्षं चार्टरमध्ये काढली आणि आता डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवते. शिक्षकांच्या बाजूने आतलं चित्र लिहिते, कारण 'शिक्षक असे का वागतात' हे मुलांपर्यंत कधी पोचत नाही.

या शाळांच्या शिस्तीला 'नो एक्स्क्यूजेस' म्हणतात, म्हणजे सबबी चालणार नाहीत. तिच्या मुळाशी पोलिसी कामातला एक सिद्धांत आहे, १९८२ मध्ये मांडलेला 'तुटलेल्या खिडक्यां'चा: बारीक बेशिस्त खपवून घेतली की मोठी होते. तो शाळेत आणला की न खोचलेला शर्टही मोठ्या गुन्ह्याची सुरुवात ठरतो. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या 'किप' या चार्टर साखळीने आणि पुढे अनेक साखळ्यांनी हे मुलांच्या शरीरापर्यंत नेलं. ताठ बसा, पुढे झुका, मान हलवा, बोलणाऱ्यावर नजर ठेवा. यासाठी इंग्रजी आद्याक्षरांचं 'स्लँट' हे एक सूत्रच आहे. खिडकीबाहेर बघत विचार करणारं मूल तिथे नियम मोडणारं ठरतं.

माझ्या वर्गात शिस्त बघणारे डीन टॅब्लेट घेऊन मागे बसायचे. मी धडा कसा घेतला हे नंतर. आधी मोजणी, किती नियमभंग 'सुटले'. शेजारच्या वर्गात डिमेरिट जास्त आणि माझ्याकडे कमी, याचा अर्थ माझा वर्ग शांत आहे असा कुणी घेत नसे, मी ढिली आहे असा घ्यायचे. बावीस-तेवीस वर्षांची नवी शिक्षिका, वर्षाच्या करारावर, अशा नजरेखाली काय करेल? ती डिमेरिट देईल. तुमच्या मुलीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला कदाचित त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाही माहीत नसेल, आणि 'मला माहीत नाही' म्हणायची मुभा तिला नसेल. यामुळे तिचं वागणं योग्य ठरत नाही. पण पत्र तिच्याविरुद्ध लिहू नका, धोरणाविरुद्ध लिहा.

इथल्या 'नोबल' साखळीचं उदाहरण जाहीर आहे. तिथे डिटेन्शन लागली की घरच्यांना ५ डॉलर भरावे लागत. ज्या घरांत महिन्याची जुळवाजुळव मुश्कील, तिथून हे पैसे जात होते. पालक आणि मुलांनी खूप आवाज उठवला, वर्तमानपत्रांत आलं, शेवटी २०१४ मध्ये ही आकारणी बंद झाली. किपनेही २०२० मध्ये 'मेहनत करा, चांगले वागा' हे आपलं जुनं घोषवाक्य मागे घेतलं. माजी विद्यार्थी बोलत राहिले म्हणून या गोष्टी बदलल्या.

हुस्टनकर, तुमचे आकडे मला मान्य आहेत. तास वेळेवर सुरू होणं, गृहपाठ रोज तपासणं, मागे पडलेल्या मुलाला त्याच आठवड्यात पकडणं, हे सगळं मीही केलंय आणि त्याने मुलं पुढे जातात. पण गणित वाढलं ते मुकाट कॉरिडॉरमुळे की रोजच्या जादा शिकवणीमुळे, हे वेगळं काढून बघायला हवं. माझ्या वर्गाचा अनुभव शिकवणीकडे बोट दाखवतो.

हुस्टनकर

फळाखडू ताई, हे पटलं. आमच्या मुलांनाही संध्याकाळी शिक्षक फोनवर गणित सोडवून द्यायचे. मुलांना आज आठवण त्याची येते, पट्ट्याच्या रंगाची नाही.

चिंचेची पानं

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये. मुलाला एडीएचडी (लक्ष टिकून न राहण्याचा त्रास) आहे. चार्टरमध्ये सहावी-सातवीत असताना 'तुमच्या मुलाला ही शाळा योग्य नाही असं वाटतं का?' असं गोड बोलून वारंवार विचारायचे. मंडळी, हे लक्षात ठेवा: चार्टर ही सार्वजनिक शाळा आहे. अपंगत्व असलेल्या मुलांचा संघराज्याचा कायदा आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं ५०४ कलम तिला पूर्ण लागू आहे. आम्ही ५०४ ची योजना, म्हणजे मुलाला कोणत्या सवलती द्यायच्या याचा कागद, लेखी मागितली. त्यात 'नजर बोलणाऱ्यावर नसली तरी डिमेरिट नाही' आणि 'मधे उठून उभं राहायची मुभा' ही वाक्यं घालून घेतली. त्यानंतर शेरे बंद झाले. पाळीचा त्रास जास्त असेल तर ताई, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन बाथरूमची सूट लेखी मागा.

मेंदीवरून आठवलं. २०१७ मध्ये आमच्याकडे माल्डनच्या एका चार्टर शाळेत कृष्णवर्णीय मुलींना केसांत जोडवेण्या घातल्या म्हणून डिटेन्शन दिली, खेळाच्या संघातून काढलं. पालक मागे हटले नाहीत. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी शाळेला पत्र लिहिलं, आणि शाळेला तो नियम थांबवावा लागला. २०२२ मध्ये केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदाच राज्यात झाला. न्यू जर्सीत तसा कायदा २०१९ पासून आहे. मेंदी त्यात बसत नाही, पण आपल्या रीतीला 'चित्र' म्हणून शिक्षा होते तेव्हा ते शाळेला नीट समजावून सांगायचा हक्क तुम्हाला नक्की आहे.

कृष्णाकाठ

वाचतो आहे. आमच्या काळी छडी होती, हे नाकारत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत 'आता पोरं डोक्यावर बसणार' अशी चर्चा झाली. बसली नाहीत. ज्यांचा धडा तयार असायचा त्यांचे वर्ग आधीही शांत होते, नंतरही राहिले.

मला या सगळ्यात खटकतं ते वर्गासमोर मुलीला पाळीवरून बोलणं. याला शिस्त म्हणत नाहीत. माझ्या शाळेत असं कुणी केलं असतं तर त्या दिवशी घरी जाण्याआधी त्याला माझ्यासमोर बसावं लागलं असतं.

त्याच कायद्याने आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं ठरवलंय. कागदावर का होईना, पालकाला खुर्ची आहे. तुमच्या चार्टरच्या समितीत पालक असतात का?

मिनेसोटी

सर, राज्यागणिक वेगळं. आमच्या राज्यात शिक्षक आणि पालक दोघांनाही बोर्डावर जागा असते. मी स्वतः एका चार्टरच्या बोर्डावर पालक म्हणून बसलो आहे. बहुतेक ठिकाणी मात्र बोर्डावर वकील, बँकवाले, देणगीदार जास्त दिसतात. ते भले लोक असतात, पण बाथरूमच्या पासचा नियम अस्तित्वात आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

पाणवठा, न्यू जर्सीचा मार्ग सांगतो. तिथे चार्टरला मंजुरी राज्याचे शिक्षण आयुक्त देतात. १९९५ च्या तुमच्या चार्टर कायद्यात तक्रारीची पायरी लिहिलेली आहे: आधी शाळेच्या विश्वस्त मंडळाकडे, तिथे समाधान झालं नाही तर आयुक्तांकडे, आणि आयुक्तांनी चौकशी करून उत्तर द्यायलाच हवं. मंडळाच्या बैठका खुल्या असतात, त्यात जनतेला बोलायला वेळ असतो. डीनशी फोनवर हुज्जत घालण्यात शक्ती घालवू नका. लेखी द्या, बैठकीत उभ्या राहा, आणि जे बोललात ते इतिवृत्तात आलंय का ते पुढच्या वेळी तपासा.

मुलीच्या शिस्तीच्या नोंदी मागवा. १९७४ च्या संघराज्य कायद्याने पालकाला शाळेतली कागदपत्रं बघायचा हक्क आहे, शाळेला ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागतात. सस्पेन्शनची वेळ आलीच तर १९७५ चा 'गॉस विरुद्ध लोपेझ' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही आरोप काय ते सांगणं आणि मुलाचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. डिटेन्शनला तो लागू नाही, पण बैठकीत त्याचा आधार घेऊन विचारता येईल की जे सस्पेन्शनला करता ते डिमेरिटला छोट्या स्वरूपात का नको?

फळाखडू

याला जोडून एक. काही चार्टर चालक 'आम्ही खासगी संस्था, आमचे नियम आम्ही ठरवू' असं म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या 'चार्टर डे स्कूल'ने मुलींना स्कर्टच घालायला लावला होता. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने सांगितलं की ही शाळा सार्वजनिक शिक्षण देते, म्हणून राज्यघटनेचं समान संरक्षणाचं तत्त्व तिलाही लागू आहे. स्कर्टचा नियम त्यात बसत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेचं अपील ऐकायला नकार दिला. न्यू जर्सी त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, तरी संदर्भ म्हणून ठेवा.

वाळवंटी

मावशी, तुमच्या मुलीला बैठकीला घेऊन जा. तिला बोलू द्या. आमच्या शाळेत सगळं पालक बोलायचे आणि प्रिन्सिपल पालकांनाच उत्तर द्यायचे, जसं काही आम्ही त्या खोलीत नव्हतोच.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे बरेच दिवस इथे आले नाही, कारण कामाला लागले होते. काय झालं ते लिहिते.

फळाखडू ताईंचं ऐकून पत्रात एकाही शिक्षिकेचं नाव घातलं नाही. मागण्या तीनच ठेवल्या. प्रत्येक डिमेरिटवर मुलाचं म्हणणं लिहायला एक रकाना असावा आणि डीननी तो वाचून सही करावी. बस किंवा ट्रेनचा उशीर अ‍ॅपवर दाखवता आला तर शेरा नको. बाथरूमच्या पासची मर्यादा काढावी. मेंदीबद्दल वेगळं पान जोडलं, त्यात लग्न, सण, मेंदी किती दिवस टिकते, सगळं सोप्या भाषेत. तिच्या वर्गातल्या एका बांगलादेशी मैत्रिणीच्या आईने आणि एका इजिप्शियन कुटुंबानेही त्यावर सह्या केल्या, कारण ईदला त्यांचाही हाच प्रश्न होता.

बैठकीत लेक स्वतः बोलली. मी फक्त शेजारी उभी होते. तिने पाठ करून काही आणलं नव्हतं. ती म्हणाली, 'मी नियम मोडायला विचारलं नव्हतं. कारण कळलं तर पाळणं सोपं जातं म्हणून विचारलं होतं.' मंडळातल्या एका बाईंनी प्रिन्सिपलकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला: कॉरिडॉरमध्ये बोलायचं नाही हा नियम नववीपासून बारावीपर्यंत सगळ्यांना का? प्रिन्सिपल म्हणाले की शाळा सुरू झाली तेव्हा इमारत दुसऱ्या शाळेबरोबर वाटून घेतलेली होती, त्या वेळी आवाजाचा प्रश्न होता. ती दुसरी शाळा कधीच हलली आहे. नियम तसाच राहिला.

निकाल असा: मेंदीचं डिमेरिट काढलं आणि हँडबुकमध्ये 'धार्मिक व सांस्कृतिक प्रसंग' असा अपवाद येणार आहे. बसचा उशीर मान्य झाला. रकान्याचा प्रयोग नववी-दहावीत या सत्रात करून बघणार आहेत. 'अनादरा'चे दोन डिमेरिट मात्र तसेच आहेत, डीन मागे घ्यायला तयार नाहीत. त्याबद्दल मी आयुक्तांकडे जायचं की नाही हे लेकीवर सोडलंय. बाथरूमचा विषय 'विचाराधीन' म्हणून पुढे ढकलला, आणि याचा मला खरा राग आहे. रसायनशास्त्राच्या बाई दोन आठवड्यांपूर्वी शाळा सोडून गेल्या. लेकीला त्याचं वाईट वाटलं, मलाही.

कृष्णाकाठ

मुलीला माझा आशीर्वाद सांगा. आणि रसायनशास्त्राचं काही अडलं तर मी रविवारी आपल्या संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी, ऑनलाइन बसायला तयार आहे. तीस वर्षं तोच विषय शिकवलाय.

चिंचेची पानं

ताई, पत्राचा नमुना व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवाल का? आमच्या शाळेतही पासची मर्यादा यंदापासून आली आहे.

पाणवठा

चिंचेची पानं, पाठवला. नावं बदलून वापरा. कृष्णाकाठ सर, तिला विचारलं, ती लगेच हो म्हणाली; येत्या रविवारी सकाळी नऊला चालेल का, मोलची गणितं अडली आहेत.

आणि हडसन काउंटीतल्या पालकांसाठी: आपल्याही मुली अशा शाळेत असतील तर मला व्यनि करा. बाथरूमचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी लेखी मागणी मी दिली आहे, त्यावर जितक्या पालकांच्या सह्या असतील तितकं तो पुन्हा ढकलणं त्यांना जड जाईल.